पलीकडून आलेला टोला

विमान पडलं त्या दुपारी तारमामाने आधी हात धुतले.

हे सगळ्यांनी पाहिलं. विंचघराबाहेर नळ होता. त्याखाली उकिडवं बसून, साबण लावून, कोपरापर्यंत त्याने हात धुतले. खाली खाडीच्या तोंडाशी आरडाओरडा चालला होता. बोटी वळत होत्या. पाण्यात एक पांढरा पंख तिरका उभा होता. आम्ही पाळणे उतरवणारे हातातलं टाकून पळत सुटलो होतो. पळता पळता मी मागे वळून बघितलं, तर हा आपला बोटांच्या बेचक्या चोळतोय.

पुढे वस्तीत त्या हातांचीच चर्चा झाली. "जावई पाण्यात आणि सासरा साबणात," चहावाला म्हणायचा. गिऱ्हाईक हसायचं. मामा दिसला की हसू आवरून बशीत बघायचं.

मी मामाबरोबर उभं आयुष्य काम केलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर काम आधी सांगावं लागेल. कामावाचून तो माणूस समजत नाही.

खाडीच्या अलीकडे आमचा धक्का. पलीकडे डोंगराचं टोक, त्याच्या पाठीमागे दगडाची खाण. तिथला दगड इकडे आणायला खाडीवरून पोलादी तार टाकलेली. तारेला लोखंडी पाळणे लटकायचे. पलीकडून भरून यायचे, इकडे आम्ही रिकामे करायचो. खाडीच्या मधोमध एक खडक होता. त्यावर लोखंडी खांब, खांबाच्या माथ्यावर मोठी कप्पी, आणि त्या कप्पीवरून तार पुढे जायची. तार ताणायची आणि सोडायची ती अलीकडच्या विंचवर, म्हणजे हँडलने फिरवायच्या लोखंडी रहाटावर. विंच तारमामाकडे. म्हणून तो तारमामा. खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू यायचं तेवढंच.

भरती आली की दगड बंद, पाळणे तारेवरून उतरवून धक्क्यावर. भरतीच्याच पाण्यावर उंच डोलकाठीच्या बोटी बाहेर पडायच्या, खडक आणि डोंगर यांच्या मधून, कारण पाणी तिथे खोल. त्यांना वाट द्यायची तर तार सैल सोडून पाण्यात बुडवायची. वरून उडणाऱ्यांना दिसावी म्हणून तिला लाल फडकी बांधलेली असत. भिजली की कुजतात म्हणून मामा आधी तार फिरवून फडकी इकडे आणायचा, सोडायचा, घडी करून ठेवायचा. मग तार सोडायची. सोडून झाली की विंचघरात टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडीचा एक टोला. पलीकडच्या टोकाला एका खोपटात आमचा दुसरा माणूस असायचा. त्याने तार बुडाली का ते डोळ्याने बघायचं आणि त्याच्याकडच्या रुळावर उलट दोन टोले द्यायचे. दोन टोले आले की खाडी मोकळी. त्या माणसाला आम्ही पलीकडचाच म्हणायचो.

मामाला वाया गेलेली मेहनत बघवायची नाही. दोन हातांचं काम चार हातांनी करणारा त्याला चोराहून वाईट. नवा माणूस कमरेत वाकून दगड उचलायला लागला की हा विंचवरून ओरडायचा, "मांडीने उचल रे, मांडीने! पाठ भाड्याने मिळत नाही!" हत्ती बसवून ठेवल्यासारखा तासन्‌तास विंचपाशी बसायचा. हँडल किती जड लागतं त्यावरून तार कुठे आहे ते त्याला कळायचं. हँडल हलकं झालं म्हणजे तार पाण्याला टेकली. तरीही टोला द्यायचा, उलट टोला ऐकायचा. वर पायरीवर येऊन खाडीकडे एक नजर टाकायचा. मगच पाणी प्यायचा.

त्याला एकच मुलगी. ती विमानवाल्याला दिली. दिली म्हणजे तिनेच त्याला निवडला.

बोटवाल्यांच्या संस्थेने मासळीचे थवे शोधायला एक छोटं विमान ठेवलं होतं. एकटा माणूस बसेल एवढं. आम्ही त्याला चिलट म्हणायचो. समुद्रावर खालून खालून उडायचं, पाण्याचा रंग बघायचं आणि बोटींना कळवायचं. चालवणारा तरुण, बारीक, हसरा. मुलगी संस्थेत कामाला. जे व्हायचं ते झालं.

मामाने चहावाल्याच्या बाकावर सगळ्यांदेखत सांगितलं, "ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत त्याच्या गळ्यात मुलगी बांधू?"

चहावाला म्हणाला, "मामा, तुमचे तरी कुठे लागतात? दिवसभर तारेला लटकता."

"मी तार धरतो. तो हवा धरतो."

लग्न झालं. मामा गेला, बसला, जेवला, उठला. जावयाशी अक्षर बोलला नाही. त्यानंतर चिलटाचा आवाज आला की हा पाठ फिरवायचा. अगदी ठरवून. पायरीवर असला तर आत जायचा, आत असला तर भिंतीकडे तोंड करून तेलाची बुधली उगाच हलवून बघायचा. जावई तेवढाच चिवट. भरतीला बोटींच्या पुढे खाडीच्या तोंडावरून खाली उतरायचा आणि विंचघराकडे एक पंख कलवायचा. सलाम. रोज. आम्ही खालून ओरडायचो, "मामा, पाहुणे आले! निदान पाणी तरी विचारा!" भिंतीकडूनच उत्तर यायचं, "पाळणे मोजा आपले."

आणि एकदा, ते मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं, मामा बाकावर म्हणाला, "एक दिवस हे चिलट माझ्या तारेत अडकेल. तेव्हा कळेल."

जावयाचा हिशेब साधा होता. तारेवर लाल दिसलं तर वरून जायचं. लाल नाही म्हणजे तार पाण्यात, खाली उतरायला मोकळीक. बारीक तार वरून दिसत नाही. फडकीच दिसतात. हे मामालाही माहीत, पलीकडच्यालाही माहीत.

त्या दिवशी फडकी काढलेली होती. तार मात्र वर होती.

सगळी नाही. मधल्या खडकावरच्या कप्पीत ती अडकली. अलीकडचा अर्धा भाग पाण्यात गेला, म्हणून हँडल हलकं लागलं. पलीकडचा अर्धा, जिथून बोटी जायच्या आणि ज्याच्यावरून जावई उतरायचा, तो तसाच हवेत ताणलेला राहिला. विमानाचं चाक तारेला लागलं. विमान नाकावर गेलं. बोटवाल्यांनी जावयाला बाहेर काढला. जीव वाचला, मांडीचं हाड आणि खुब्याचा सांधा गेला. सगळ्यात पुढची बोट थोडक्यात बचावली. तिचा मालक सांगायचा, "चिलट आधी आलं म्हणून आमची डोलकाठी वाचली." हे सांगताना त्याला वाईट वाटत होतं की बरं, ते कळायचं नाही.

मग मागचं एकेक लोकांना आठवायला लागलं. बाकावरचं वाक्य. लग्नातलं न बोलणं. कप्पीला ग्रीस कोण लावतं? मामा. फडकी कोणी काढली? मामा. आणि हात? हात कोण धुतो? काम झालं की माणूस हात धुतो.

शेवटचं मलाही पटत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

चौकशीला एक साहेब आला. हुशार होता. भर लाटांत स्वतः खडकावर चढला, कप्पी खोलून बघितली. तिची बाजूची पट्टी झिजून वाकली होती, त्या फटीत तार जाऊन बसली होती. ग्रीस भरपूर होतं. म्हणजे मामाने हयगय केली असं नाही. मग त्याने आम्हा सगळ्यांना विंचघरात बोलावलं. पलीकडच्यालाही होडीतून आणलं.

"टोला दिलात?" साहेबाने मामाला विचारलं.

"दिला."

"उलट आला?"

"दोन आले."

पलीकडचा मान हलवत होता. "मला टोला ऐकूच आला नाही साहेब. मी वाजवलंच नाही. वारा होता."

साहेबाने आम्हाला विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. टोले आम्ही रोज ऐकायचो. इतके रोज, की त्या दिवशी ऐकले का ते छातीवर हात ठेवून कोणालाच सांगता येईना. घरातल्या घड्याळाचे ठोके कोण ऐकतं?

साहेबाने वही मिटली. मग त्याने मामाला एकच विचारलं. "तार बुडाली हे कोणी बघितलं?"

"ते पलीकडच्याने बघायचं असतं," मामा म्हणाला.

माझ्या मनात तिथेच खट्ट झालं. कोणी बघितलं असं विचारलं होतं. कोणी बघायचं असतं, हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मामा रोज पायरीवर येतो हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी आला होता की नाही? मी पाळण्यात वाकलेलो होतो. साहेबाने मला ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

साहेबाने दोष कप्पीवर ठेवला. तार बंद करायचा हुकूम आला. "कप्पीला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकललं," असं बाकावर ठरलं.

मुलीने बापाला दार बंद केलं.

मामी रोज मुलीकडे जायची. जखमी जावयाचं करण्यात तिला हातभार लावायची आणि घरी येऊन ओट्यापाशी भांडी आपटायची. एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा ती माझ्यादेखतच बोलली.

"पोरगी काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाबांना विचार, तार अडकली की अडकवली. तेवढं सांगा म्हणावं. तोवर माझ्या दारात नको."

मामा ताटाकडे बघत होता.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. भिंतीशी नाही."

"मी टोला दिला. उलट आला."

"टोला, टोला! तिला टोला काय घालून घ्यायचाय डोक्यात? हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा!"

मामा उठला. हात धुवायला मोरीकडे गेला. मामीने माझ्याकडे बघितलं, मी मोरीकडे बघितलं. आम्हा दोघांच्या मनात एकच आलं.

बाहेर पडल्यावर मी त्याला गाठलं. "मामा, एवढी वर्षं एका ताटात नाही तरी एका बाकावर जेवलो. मला तरी सांग."

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

मी चपलेतला खडा काढायला वाकलो. खडा नव्हता. सरळ होईस्तोवर तो बराच पुढे गेला होता. मागून बघताना त्याचे खांदे एक वर एक खाली दिसत होते. विंच फिरवून फिरवून झालेले. अशा खांद्याचा माणूस कपट कसं करील, असं मला वाटलं. आणि लगेच वाटलं, कपटाला खांदे लागत नाहीत.

त्याला आता काम नव्हतं. खुर्चीत बसायचा. मुलीचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण तो बाजाराला जाताना लांबचा रस्ता धरायचा. मामी डबा नेताना तो आपल्याच घराच्या दारापर्यंत डबा धरून यायचा आणि उंबऱ्यावर तिच्या हातात द्यायचा. पुढे एक पाऊल नाही. बाकी काहीही गेलं तरी त्याची ना नव्हती, हे मी बघत होतो. काम गेलं, बाकावरची जागा गेली, त्याने चकार शब्द काढला नाही. पण मुलीचं दार उघडावं एवढ्यासाठी तो जगत होता.

मग विंचघर मोकळं करायचं निघालं. तार आधीच गुंडाळून गोदामात गेली होती. खाडीवर आता काहीच नव्हतं, नुसतं आकाश. किरकोळ हत्यारं आवरायला मामाला आणि मला बोलावलं. पलीकडच्यालाही त्याच्या बाजूचं सामान राखायला तिकडे ठेवलं होतं.

आम्ही पाने, हातोड्या खोक्यात भरत होतो. ऊन तिरपं झालं होतं. दारात सावली पडली. बघतो तर मुलगी.

घामेजलेली. ओढणी कमरेला खोचलेली, घरातलं काम टाकून आल्यासारखी. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही थांबा. तुमच्यासमोरच विचारायचंय."

मी खोक्यापाशी थांबलो. मामा उभा राहिला.

"आई रोज तेच सांगते. टोला दिला, टोला आला," ती म्हणाली. "मला दाखवा. कुठे उभे होता? काय केलंत?"

"इथे," मामा म्हणाला. "हँडल हलकं झालं. मग तिथे गेलो."

रुळाचा तुकडा अजून टांगलेला होता. तो आम्ही शेवटी काढणार होतो. तिने माझ्या खोक्यातली हातोडी उचलली.

"असा दिलात?" म्हणाली आणि जीव खाऊन एक टोला हाणला.

विंचघर दणाणलं. तुकडा गोल फिरत राहिला. मामाने हात वर केला, तुकडा थांबवायला.

आणि पाण्यावरून आवाज आला. टण. टण.

आम्ही तिघं उभे होतो तसेच राहिलो.

"तार कुठे आहे?" मुलीने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"गोदामात," मी म्हणालो.

"मग हा काय बघून वाजवतोय?"

तिने पुन्हा हातोडी उचलली. या वेळी हलकाच टोला दिला, दारावर टकटक करावी तसा.

टण. टण.

"हाक आली की माणूस ओ देतो," मामा म्हणाला. "तो ओ देतो. पहिल्यांदा बघायचा. मग तार रोजच बुडायला लागली, तर रोज काय बघायचं? एका हाताने चहा ढवळतो, एका हाताने वाजवतो. त्या दिवशी वाजवलं हे त्याला स्वतःलाही आठवत नसेल."

मुलगी जोरात हसेल किंवा रडेल असं मला वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. तिचे डोळे बारीक झाले. हिशेब मनात पडताळताना बापाचे होतात तसे, तेच डोळे.

"म्हणजे तो बघत नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"काका, तुम्हाला?"

"सगळ्यांना थोडंफार माहीत होतं," मी म्हणालो.

"मग बाबा, तो टोला आला म्हणून तुम्ही रोज विसंबायचात कसे?"

"विसंबायचो नाही. मी बघायचो. पायरीवर येऊन. रोज."

"आणि त्या दिवशी?"

बाहेर एक बगळा विंचघराच्या कठड्यावर उतरला. मामा त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता पुन्हा टोल्याची गोष्ट सांगणार. हातोडी तिच्या हातात होती.

"त्या दिवशी पायरीवर आलो," तो म्हणाला. "चिलटाचा आवाज आला. आत वळलो."

"का?"

"बघायचं नव्हतं."

"तार?"

"तो."

एवढंच. त्याच्या तोंडून हे इतकं सहज आलं की मला वाटलं, हे त्याने मनात हजारदा म्हटलं असणार.

मुलीने हातोडी खोक्यात ठेवली. नीट, दांडा बाहेर ठेवून, बापाने शिकवलं होतं तशी.

"साहेबाला का नाही सांगितलंत? आईला का नाही?"

"काय सांगू? जावयाचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून तार बघितली नाही? त्यापेक्षा अडकवली म्हटलेलं लोकांना लवकर समजतं."

ती दाराकडे वळली. मला वाटलं, गेली. दारात थांबून, आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "ह्यांना सकाळी पलंगावरून खुर्चीत बसवायचं असतं. मला एकटीला उचलत नाहीत. आईच्या कमरेत उसण भरलीय. उद्या या." मग वळून, "आणि हे आत्ता मला सांगितलंत ते त्यांना सांगायचं. मी नाही सांगणार. आई नाही सांगणार."

सकाळी मामा माझ्या दारात उभा. "चल," म्हणाला, "वजन असेल." जावई बारीक, आजारपणाने आणखी बारीक. वजन कसलं असणार होतं! मी चपला घातल्या.

मुलीने दार उघडलं. मामा आत गेला तो आधी मोरीकडे. नळ सोडला, साबण घेतला, कोपरापर्यंत हात धुतले.

मुलगी टॉवेल घेऊन उभी होती. "आता कसलं ग्रीस आलंय?"

"सवय," तो म्हणाला. "ग्रीसच्या हातातून माणूस सुटतो. तेव्हाही म्हणूनच धुतले. खाली येईस्तोवर बोटवाल्यांनी काढला होता."

त्याने हे पंचा झटकावा तसं झटकून टाकलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. एवढं साधं होतं आणि आमच्यातल्या एकानेही त्याला विचारलं नव्हतं.

खोलीत पलंग, खिडकीपाशी खुर्ची, मधे चार पावलं जागा. जावयाचा पाय प्लास्टरमध्ये कमरेपर्यंत. दाढी वाढलेली. त्याने सासऱ्याकडे बघितलं आणि उशीवरून मान थोडी उचलली. भिंतीकडे तोंड करायला तिथे जागा नव्हती.

"तू प्लास्टर खालून धर," मामा मला म्हणाला. "ओढू नकोस. नुसतं माझ्याबरोबर ये." मग जावयाला, "हात माझ्या मानेभोवती टाका. दोन्ही. लाजू नका, वजन द्या."

माणूस उचलण्याचं एक आहे. दगड पाठीवर घेता येतो, पोतं खांद्यावर. आजारी माणूस समोरून धरावा लागतो, छातीशी. त्याच्या तोंडावर आपलं तोंड येतं. नजर फिरवली की तोल जातो. मामाने मांड्या रोवल्या, कंबर सरळ ठेवली आणि त्याला उचलला. दोघांचे चेहरे एक वीतभर अंतरावर.

"मी रोज पंख हलवायचो," जावई म्हणाला. श्वास लागला होता. "दिसायचा का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. पाठ करायचो." मामा एक पाऊल मागे सरकला. मी बरोबर सरकलो. "त्या दिवशीही केली. म्हणून तार बघितली नाही. बघितली असती तर लाल फडकं घेऊन धावलो असतो. वेळ होता."

जावयाचे हात मानेभोवती तसेच होते. सोडले असते तर दोघंही पडले असते, हे त्यालाही कळत होतं. खुर्चीपर्यंत आलो. मामाने त्याला टेकवला. आधी मांडी, मग पाठ, मग हात काढून घेतले. प्लास्टर स्टुलावर मी ठेवलं. मामा घामाने निथळत होता. तेवढ्या वजनाला एवढा घाम येत नाही.

जावई खिडकीबाहेर बघत होता. बराच वेळ. मुलगी दारात उभी, टॉवेल हातातच.

शेवटी तो म्हणाला, तोंड न वळवता, "उद्या जरा लवकर या. पडून पडून पाठ मोडते."

"येतो," मामा म्हणाला.

त्यानंतर तो रोज जातो. मी पहिले काही दिवस गेलो, मग माझी गरज राहिली नाही. बाकावर अजून तेच चालतं. मी सांगितलं, पलीकडचा बघत नव्हता. ते म्हणाले, त्याच्यावर काय ढकलता. मी सांगितलं, मामा रोज जावयाला उचलतो. चहावाला म्हणाला, "उचलणारच. मन खातं ना." मी सांगितलं, हात ग्रीस काढायला धुतले. तो म्हणाला, "हे त्याने तुम्हाला नंतर सांगितलं ना?"

नंतरच सांगितलं. मी चहा पिऊन उठलो.

परवा मुलीच्या घरावरून जात होतो. दार उघडं होतं. जावई आता काठीने उभा राहतो. मामा त्याच्या समोर, उलट्या पावलांनी मागे मागे जात होता, दोन्ही हात पुढे पसरून, हात न लावता. नजर एकदाही हलली नाही.

"पायाकडे नका बघू," तो ओरडत होता. "माझ्याकडे बघा, माझ्याकडे! मांडीने चाला!"